ताकद, दम आणि बास्केटबॉल

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. परंतु लहान गावातल्या महाविद्यालयात एकाच माणसाच्या गळ्यात दोन-तीन कामे पडतात, त्याप्रमाणे जिमखान्याचे कामही गेली काही वर्षे माझ्याकडेच आहे. एके दिवशी दुपारी आमच्या कार्यालयातले एक कारकून माझ्याकडे आले. त्यांची धाकटी मुलगी तेरा वर्षांची, शाळेच्या बास्केटबॉल संघात निवडली गेलेली. गृहस्थ काळजीत दिसत होते. म्हणाले, "सर, तिथं तिला वजनं उचलायला लावतात, आणि वर मैदानाच्या फेऱ्या. वजनांनी पोरीची उंची खुंटेल आणि पळून पळून काळजावर ताण येईल असं घरी सगळे म्हणतात. खेळू द्यावं, की नाव काढून घ्यावं?"

मी म्हटले, "मला चार दिवस द्या." कारण वजनांनी उंची खुंटते आणि धावण्याने कोवळे हृदय थकते, या दोन्ही समजुती त्यांच्या घरात जन्मलेल्या नाहीत. त्या शंभर वर्षांहून जुन्या आहेत. मोठमोठ्या विद्वानांनी त्या पाठ्यपुस्तकांत छापल्या, त्यांच्यावरून खेळांचे नियम ठरले आणि हजारो मुलींना अर्ध्या मैदानाच्या आत थांबावे लागले. त्यांचा इतिहास आणि बास्केटबॉलचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. तोच आज आपण थोडक्यात पाहू.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स संस्थानात स्प्रिंगफील्ड नावाचे गाव आहे. तेथे वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती युवकसंघाच्या कार्यकर्त्यांना तयार करणारे एक विद्यालय होते. १८९१ च्या हिवाळ्यात तेथील अठरा तरुणांच्या एका वर्गाने शिक्षकांना अगदी जेरीस आणले. बाहेर बर्फ, फुटबॉल बंद. आणि व्यायामशाळेत तीच ती जर्मन आणि स्वीडिश पद्धतीची कवायत. हात वर, हात खाली! तरुण कंटाळले. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी हा वर्ग तीस वर्षांच्या एका शिक्षकाच्या हवाली केला आणि चौदा दिवसांत काही नवा खेळ काढून दाखवा असे सांगितले. हा शिक्षक म्हणजे जेम्स नेस्मिथ. जन्म १८६१, कॅनडातला. लहानपणीच आईबाप गेलेले. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकलेला आणि तेथे रग्बी खेळलेला.

नेस्मिथने आधी मैदानी खेळच आत आणून पाहिले. ते साधले नाही. भिंतींच्या आत धसमुसळेपणा फार होऊ लागला. तेव्हा त्याने विचार केला, की धसमुसळेपणा का होतो? माणूस चेंडू घेऊन पळतो म्हणून दुसऱ्याला त्याला पाडावे लागते. पळणेच बंद केले तर पाडण्याचे कारणच उरत नाही. मग चेंडू टाकायचा कोठे? लक्ष्य डोक्याच्या वर, आडवे ठेवले की चेंडू जोरात मारून भागत नाही, हलक्या हाताने कमानीत टाकावा लागतो. व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. सज्जा दहा फूट उंच होता, म्हणून टोपलीही दहा फुटांवर गेली, आणि आज जगभर ती तेवढ्याच उंचीवर आहे. तेरा नियम टंकलिखित करून भिंतीवर लावले. प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटे विश्रांती. पहिल्या सामन्यात सबंध खेळात एकच चेंडू टोपलीत पडला!

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हा खेळ मुळात ताकदीला लगाम घालण्यासाठी निघाला. अंगाला अंग भिडवायचे नाही, हिसकाहिसकी करायची नाही. त्यामुळे बास्केटबॉलला ताकद लागत नाही, उंची आणि नेम असला की झाले, अशी समजूत पुढे पुष्कळ वर्षे चालली. वस्तुतः खेळ वाढत गेला तसतशी ताकद मागच्या दाराने आत आली. पण ते पुढे सांगतो.

खेळ निघून काही महिनेच झाले होते, तोच स्प्रिंगफील्डपासून जवळच असलेल्या नॉर्थॅम्प्टन गावी स्मिथ कॉलेज या मुलींच्या महाविद्यालयात तो पोचला. तेथील व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन या लहानपणी स्वतःच प्रकृतीने नाजूक होत्या आणि व्यायामाने सुधारल्या होत्या. मुलींना खेळू द्यावे अशी त्यांची तळमळ होती. परंतु काळ कसा होता? मुलींच्या नाजूक मज्जातंतूंना आणि हृदयाला जोराचे श्रम सोसणार नाहीत, असे मानण्याचा. बाईंनी तोडगा काढला. मैदानाचे तीन भाग केले आणि ज्या मुलीला जो भाग दिला त्यातून तिने बाहेर यायचे नाही. चेंडू हिसकावायचा नाही, तीन सेकंदांहून अधिक हातात धरायचा नाही. १८९३ च्या मार्चमध्ये मुलींचा पहिला सामना झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना आत सोडले नव्हते.

बेरेन्सनबाईंना आपण दोष देऊ नये. त्या काळात ही रेघ आखली नसती तर मुलींना खेळायलाच मिळाले नसते. पण रेघेचे असे असते, की ती आखणारा माणूस जातो आणि रेघ मागे राहते. १९३८ मध्ये तीन भागांचे दोन झाले, एवढेच. अर्ध्या मैदानात हल्ला करणाऱ्या तीन मुली, अर्ध्यात बचाव करणाऱ्या तीन, आणि मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. अमेरिकेतल्या आयोवा संस्थानातील शाळांत हा सहा जणींचा खेळ १९९३ पर्यंत चालू होता! म्हणजे एकीने जन्मभर टोपलीत चेंडू टाकावा आणि दुसरीने जन्मभर तो अडवावा. आणि हे सारे कशापायी? तर दम लागेल या भीतीपायी. हीच भीती १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकनंतरही दिसली. स्त्रियांच्या आठशे मीटर शर्यतीत धावून काही जणी थकल्या, एवढ्यावरून ती शर्यत बंद झाली, ती १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा बास्केटबॉल तर १९७६ साली, माँट्रियलला आला.

मुलींचे झाले, पण मुलांचे काय? त्यांच्याही मागे हृदयाचे भूत होतेच. १८७९ साली बेनेके या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने मुलांचे हृदय आणि रक्तवाहिन्या यांची मापे प्रसिद्ध केली. त्यावरून असा निष्कर्ष निघाला, की वाढत्या वयात हृदय भराभर मोठे होते, पण रक्तवाहिन्या त्या मानाने मागे राहतात. मोठा पंप आणि बारीक नळ! साहजिकच मुलाने जोराने धावू नये. ही गोष्ट एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत गेली. मूळ आकडे पुन्हा कोणी तपासले नाहीत.

ते तपासले १९३७ साली, आणि तेही कोठे? स्प्रिंगफील्डमध्येच. नेस्मिथने जेथे टोपल्या टांगल्या त्याच विद्यालयात पीटर कार्पोविच नावाचे रशियात जन्मलेले डॉक्टर शरीरशास्त्र शिकवीत होते. त्यांनी दाखवून दिले, की चूक हृदयाची नव्हे, गणिताची आहे. हृदयाचे घनमान घेतले आणि त्याची तुलना रक्तवाहिनीच्या परिघाशी केली. आता शाळेतली भूमिती आठवा. नळाचा परीघ दुप्पट झाला, तर त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ चौपट होते. रक्त वाहते ते या क्षेत्रफळातून, परिघातून नव्हे. योग्य हिशेब केला, की मुलाचे हृदय आणि त्याच्या रक्तवाहिन्या एकमेकांना शोभतील अशाच वाढतात. अठ्ठावन्न वर्षे मुलांना ज्याची भीती घातली, ते एका चुकीच्या तुलनेतून निघाले होते!

पुढे १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-ओलोफ ऑस्ट्रँड यांनी चार वर्षांच्या बालकांपासून तेहतीस वर्षांच्या प्रौढांपर्यंत शेकडो माणसांना धाववून त्यांचा श्वास मोजला. जोराच्या श्रमात शरीर एका मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे दमाचे खरे माप. हे माप १९२३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ए. व्ही. हिल यांनी रूढ केले होते. ऑस्ट्रँड यांना असे दिसले, की वजनाच्या मानाने पाहिले तर मुलांचा दम मोठ्यांहून कमी नाही. दिवसभर अंगणात धावणाऱ्या पोरांच्या आयांना हे सांगावे लागले नसते म्हणा; पण शास्त्राला पुरावा हवा असतो.

आता दुसरी समजूत, वजनांची. वजने उचलली की स्नायू गोळा होऊन आखडतात आणि माणूस मंद होतो, असे अमेरिकेतले व्यायामशिक्षक मानीत. कार्पोविच यांचेही मत तेच. १९४० साली वजनांचा व्यापार करणारे बॉब हॉफमन हे आपले दोन पहिलवान घेऊन स्प्रिंगफील्डला प्रात्यक्षिक द्यायला आले. त्यांतला एक जॉन ग्रिमेक, पिळदार शरीराचा. कार्यक्रम संपल्यावर कार्पोविच यांनी सभेत विचारले, की या गृहस्थांना स्वतःची पाठ खाजवता येते काय? सभा हसली. ग्रिमेक यांनी पाठ खाजवून दाखवली. एका हाताने आणि मग दुसऱ्या हातानेही. मग गुडघे न वाकवता खाली वाकून कोपरे जमिनीला टेकवली.

येथे या डॉक्टरांचा मोठेपणा दिसतो. आपण चुकलो असू, असे त्यांच्या मनाने घेतले. १९५१ साली त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी विल्यम झॉर्बास यांनी सहाशे तरुणांची परीक्षा प्रसिद्ध केली. तीनशे वजने उचलणारे, तीनशे न उचलणारे. प्रत्येकाने एक दांडा हाताने गरागरा ठरावीक फेरे फिरवायचा आणि वेळ मोजायची. वजने उचलणारे मंद ठरले नाहीत. उलट तेच अधिक चपळ निघाले. मुलांचे हृदय आणि वजनांनी येणारे जडत्व, दोन्ही भ्रम एकाच गावात, एकाच माणसाने दूर केले, आणि ते गाव बास्केटबॉलचे जन्मगाव. इतिहासात असे योग फार थोडे सापडतात.

दरम्यान खुद्द खेळ बदलत होता. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल प्रथम आला, तेव्हा तो उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानावर खेळवला. अंतिम सामन्याच्या दिवशी, १४ ऑगस्टला, पाऊस पडला आणि चिखलात अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरवले. याच पावसामुळे आपल्या ध्यानचंदांचा हॉकीचा अंतिम सामना एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्टला भारताने जर्मनीला ८-१ ने हरवले. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. म्हातारे नेस्मिथ आपला खेळ पाहायला तेथे आले होते. १९३९ साली ते वारले.

१९३७ पर्यंत प्रत्येक गोलानंतर खेळ थांबे आणि मध्यभागी चेंडू पुन्हा उडवला जाई. ती पद्धत गेली आणि विश्रांतीही गेली. तरी पुढे असलेला संघ चेंडू नुसता धरून बसे. १९५० मध्ये अमेरिकेतला एक व्यावसायिक सामना १९-१८ असा रडतखडत संपला. तेव्हा १९५४ साली डॅनी बियासोन यांच्या सूचनेवरून चोवीस सेकंदांत चेंडू टोपलीकडे टाकलाच पाहिजे असा नियम झाला. त्यांचा हिशेब अगदी वाण्याचा! चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे एकशे वीस वेळा चेंडू टाकतात. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सेकंद होतात २८८०. भागिले एकशे वीस, चोवीस. आंतरराष्ट्रीय नियमांत ही मर्यादा १९५६ मध्ये तीस सेकंदांची होती, २००० साली तीही चोवीस झाली.

या घड्याळाने खेळाडूचे शरीरच बदलले म्हणाना. १९९५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सामने बारकाईने मोजले. एका सामन्यात खेळाडूच्या हालचाली सुमारे एक हजार, आणि दर दोन सेकंदांनी त्यांत बदल. पळ, थांब, वळ, उडी, मागे सरक. प्रत्यक्ष खेळाच्या वेळी हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १६९. २००७ साली ट्युनिशियातल्या एकोणीस वर्षांखालील खेळाडूंमध्येही असेच चित्र दिसले.

मग या खेळाला ताकद हवी की दम? दोन्ही, आणि ती एकमेकांवर अवलंबून. उडी किंवा झेप दोन-तीन सेकंदांची असते. तिला लागणारी शक्ती स्नायूतल्या शिदोरीतून येते, तेथे श्वासाची वाट पाहायला सवड नसते. पण ती शिदोरी चटकन संपते आणि ती पुन्हा भरायला प्राणवायू लागतो. म्हणजे पहिली उडी ताकदीची आणि चाळिसावी उडी दमाची. ज्याला नुसती ताकद आहे तो तिसऱ्या डावात कमरेवर हात ठेवून उभा राहतो. ज्याला नुसता दम आहे तो शेवटपर्यंत पळतो, पण टोपलीखाली त्याला कोणीही बाजूला सारतो.

ही दोन्ही मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. हार्वर्डच्या व्यायामशाळेचे जुने प्रमुख डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये उभ्या उडीची परीक्षा मांडली. तिला एक भिंत आणि खडूचा तुकडा पुरतो. दमासाठी १९८२ साली माँट्रियलच्या लेजे आणि लँबर्ट यांनी वीस मीटरच्या दोन रेघांमध्ये ये-जा करण्याची परीक्षा काढली. ध्वनी वाजेल तेव्हा पलीकडे पोचायचे. ध्वनी हळूहळू जलद होत जातो. जमेनासे झाले की थांबायचे. ज्या शहरात नेस्मिथ शिकला त्याच शहरातली ही परीक्षा आज जगभरच्या शाळांत घेतली जाते.

आपल्याकडे हा खेळ आला तोही स्प्रिंगफील्डच्याच वाटेने. त्या संस्थेत शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले आणि तेथून तयार झालेल्या शिक्षकांनी असे खेळ देशभर नेले. आपल्या तालमीत मात्र ताकद आणि दम यांची अशी फारकत कधी नव्हती. शंभर बैठका मारणाऱ्याला दोन्ही कमवावी लागत. दम टिकला नाही तर ताकदवान मल्लही चितपट होतो, हे वस्तादाला पुस्तकावाचून ठाऊक होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वजनांनी उंची खुंटते का? जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, पेलतील अशा वजनांनी केलेल्या व्यायामाने मुलांची वाढ खुंटते याला पुरावा मिळालेला नाही. २०१४ साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन असा व्यायाम मुलांना हितकारक असल्याचे प्रसिद्ध केले. लहान वयात स्नायू फारसे फुगत नाहीत. पण मज्जातंतू त्यांना चांगले कामाला लावू लागतात, म्हणून ताकद वाढते. उडी मारून जमिनीवर येताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. तो पेलायचा कोणी? १९९९ साली अमेरिकेत शाळकरी खेळाडू मुलींना सहा आठवडे उडीचे आणि ताकदीचे शिक्षण देऊन पाहिले. ज्यांना ते मिळाले नाही त्यांना गुडघ्याच्या गंभीर दुखापती साडेतीन पटींहून अधिक झाल्या. म्हणजे भय वजनांचे नाही. वजनांवाचून उड्या मारण्याचे आहे.

येथे माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी संघनिवडीत एका सोळा वर्षांच्या मुलाला मी नाकारले. अंगाने किरकोळ, उडी बेताची. शेजारी त्याच्याच वयाची दाढीमिशा फुटलेली मुले होती. एकाच वयाच्या दोन मुलांच्या वाढीत दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते, हे मी तेव्हा लक्षात घेतले नाही. दोन वर्षांनी तो पदवीच्या वर्गात आला तेव्हा खांद्याने माझ्यापेक्षा उंच होता. मी त्याला मैदानावर बोलावले. "आता नको सर," एवढेच म्हणाला. आजही निवडीच्या दिवशी मला तो आठवतो.

चार दिवसांनी मी त्या गृहस्थांना हे सगळे सांगितले. आणि वर विचारले, "मुलीचं रक्त तपासलंय का?" ते चमकले. पण पाहा, २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी शंभरात एकोणसाठ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. प्राणवायू वाहून नेते ते रक्तातले तांबडे द्रव्य. तेच कमी असेल तर हृदय कितीही धडधडले तरी दम येणार कोठून? आपण मुलींचा दम मैदानात जाईल म्हणून भितो, आणि तो जातो ताटातून.

तपासणीत रक्त कमीच निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, आहार सांगितला, आणि दोन महिने बेताने खेळायची मुभा दिली. आता संध्याकाळी मुलगी मैदानावर असते आणि वडील सायकल भिंतीला टेकवून उभे असतात. वजनांची भीती त्यांच्या मनातून पुरती गेलेली नाही, परवाच म्हणाले, "सर, दर महिन्याला मी तिची उंची दारावर खुणेनं मोजतो." मी म्हटले, जरूर मोजा. बेनेकेचे आकडे कोणी मोजून पाहिले असते, तर पुढची इतकी वर्षे वाया गेली नसती.